तेरा गाण्यांची कॅसेट: मनात भरलेल्या मुलीसाठी गाणी निवडताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातलं, २०२४ च्या पावसाळ्यातलं. दोघांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सव्वीस वर्षांचा, वसंत विहारात राहणारा. मुलगी त्याच्याहून वर्षाने लहान, नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत आईवडील आणि आजीसोबत राहणारी, नोकरीला ऐरोलीत. ओळख ढोल-ताशा पथकातली. तो ढोलावर, ती ताशावर. जुलैपासून आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, आणि पथकात ऐंशीच्या आसपास मुलंमुली. दोन मोसम एकत्र वाजवून झाले होते. गप्पा भरपूर, पण नेहमी घोळक्यात.

एका संध्याकाळी पावसामुळे सराव थांबला आणि सगळे शेडखाली उभे राहिले. बोलता बोलता तिने सांगितलं की वडिलांनी घरचा जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेलं यंत्र) जपून ठेवलाय आणि रविवारी सकाळी त्यावर आजोबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट लागतात. मुलाला कल्पना सुचली ती तिथे. आपण तिला एक कॅसेट भरून द्यायची.

अडचण

ज्यांनी नव्वदच्या दशकात कॅसेट भरून दिल्या-घेतल्या आहेत त्यांना यातली मेख माहीत असते. भरलेली कॅसेट ही भेटवस्तू असते आणि पत्रही असतं. गाणी दुसऱ्यांची असली तरी निवड आपली असते, त्यामुळे प्रत्येक ओळ आपण बोलल्यासारखी पोचते. आपण ज्या ओळीकडे लक्षही दिलेलं नाही, तीसुद्धा.

इथे आणखी दोन पेच होते. तिने नकार दिला किंवा तिला अवघडल्यासारखं झालं, तरी दोघांना आठवड्यातून तीनदा एकाच मैदानावर उभं राहायचं होतं आणि विसर्जनापर्यंत कोणीच पथक सोडणार नव्हतं. दुसरं म्हणजे टू-इन-वन बाहेरच्या खोलीत होता. तिथे वाजलेलं गाणं आई, बाबा आणि आजी ऐकणारच.

म्हणून प्रश्न 'कुठली गाणी सुंदर आहेत' एवढाच नव्हता. तिला मनापासून आवडेल, देणाऱ्याचं मन कळेल आणि तरीही उत्तर द्यायची सक्ती वाटणार नाही, अशी कॅसेट कशी भरायची हा होता. आमच्या मते पहिल्या कॅसेटची कसोटी हीच आहे, आणि या मुलाने ती बऱ्याच अंशी ओळखली होती.

कशावर द्यायचं

प्लेलिस्टची लिंक पाठवणं सगळ्यांत सोपं. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. पण मोफत खातं असेल तर मध्ये जाहिराती येतात, आणि ठाणे ते ऐरोली लोकलच्या दहाएक मिनिटांत दोन-तीनच गाणी ऐकून होतात. क्रम मोडतो. शिवाय लिंक चॅटमध्ये वर सरकून हरवते. पेनड्राइव्हचा विचार एका संध्याकाळपुरता टिकला. तिच्या घरी तो लावायला टीव्ही सोडून काही नव्हतं.

कॅसेट निवडण्याचं खरं कारण जुन्याची हौस हे नव्हतं. घरात चालू यंत्र होतं, ती ते वापरत होती, आणि कॅसेटमध्ये क्रम देणाऱ्याच्या हातात राहतो. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना कॅसेट देणं म्हणजे शोभेची वस्तू देणं. तसं असेल तर लिंकच बरी.

सी-६० की सी-९०, हा पुढचा निर्णय. सी-६० च्या एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० च्या एका बाजूला पंचेचाळीस. सी-९० ची फीत पातळ असते आणि जुन्या यंत्रात गुंतायची शक्यता जास्त. पण त्याहून मोठं कारण माणसाच्या कानाचं आहे. एक बाजू एका बैठकीत ऐकून व्हावी. अर्धा तास कोणीही देऊ शकतं.

गाणी कशी गाळली

पहिली यादी एकतीस गाण्यांची, दोन तास अठरा मिनिटांची झाली. तेरा उरेपर्यंत चार चाळण्या लागल्या.

पहिली चाळणी शब्दांची, आणि सगळ्यांत जास्त गाणी इथेच पडली: नऊ. पद्धत साधी पण कष्टाची. प्रत्येक गाण्याचे सगळे अंतरे कागदावर लिहून काढायचे आणि चाल विसरून वाचायचे. मुखडा सगळ्यांना पाठ असतो, घात अंतऱ्यात होतो. 'तोच चंद्रमा नभात' त्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं. बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल आणि त्यांचाच आवाज, चांदण्याचं वातावरण, त्यामुळे ते प्रेमगीत म्हणून सर्रास दिलं जातं. पण शांता शेळक्यांचे शब्द पुरते वाचले तर सगळं तसंच असूनही प्रीत तशी उरलेली नाही, असं ते गाणं आहे. अजून सुरू न झालेल्या गोष्टीसाठी सरलेल्या प्रेमाचं गाणं देऊन कसं चालेल? 'लग जा गले' याच कारणाने गेलं. १९६४ पासून लोकांच्या ओठांवर असलेलं ते गाणं पुन्हा भेट होईल न होईल या धास्तीवर उभं आहे.

याच चाळणीत युगुलगीतांचा प्रश्न आला. 'शुक्रतारा' काढायला तो तयार नव्हता. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचे आवाज. वगळायला मन धजत नाही हे खरंच. तरी ते वगळलं, आणि आमच्या मते हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय. युगुलगीतात दुसरा आवाजही बोलतो. म्हणजे देणारा स्वतःचं म्हणणं तर मांडतोच, वर तिचं उत्तरही तिच्या तोंडी घालतो. तिने अजून हो म्हटलेलं नाही, तोवर तिच्या वाटची कडवी आपण वाजवू नयेत.

उरलेल्या गाण्यांत 'तू' म्हणून थेट हाक मारणारी किती, तेही मोजलं. बावीसपैकी अकरा. म्हणजे निम्मी कॅसेट बोट दाखवणार. अंतिम तेरांत अशी तीनच ठेवायची असं ठरलं.

दुसरी चाळणी घराची. बाहेरच्या खोलीत आजी भाजी निवडत बसली आहे आणि हे गाणं लागलंय, असं डोळ्यांपुढे आणायचं. 'मालवून टाक दीप' इथे पडलं. लताबाईंचा स्वर आणि हृदयनाथांची चाल इतकी अलवार आहे की सुरेश भटांचे शब्द किती जवळिकीचे आहेत हे पटकन ध्यानात येत नाही. आजीच्या मात्र येतं. अशी तीन गाणी गेली. अश्लील म्हणून नव्हे. घरच्यांसमोर तिला खाली मान घालावी लागू नये म्हणून.

तिसरी चाळणी सर्वांत जड गेली: हे गाणं तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी? 'भय इथले संपत नाही' त्याचं अतिशय लाडकं. ग्रेस, लता, हृदयनाथ, यात उणं काय काढणार? पण त्या गाण्याने तिला काही मिळण्यापेक्षा 'मी किती खोल आहे' हेच सांगितलं जात होतं. ते गेलं, आणि सोबत आणखी तीन. ज्या गाण्यावर आपण एकटे रडलो, ते पहिल्या कॅसेटमध्ये घालायची ओढ सगळ्यांनाच होते. ऐकणारीला त्या रडण्याचा संदर्भ नसतो, फक्त ओझं पोचतं.

चौथी चाळणी घड्याळाची. वेळेत बसेनात म्हणून आणखी दोन गेली. तेरा उरली.

क्रम

ए बाजू 'ये रे घना' ने उघडली. आरती प्रभूंचे शब्द, आशाबाईंचा आवाज, बाहेर पाऊस. कोणाला उद्देशून काही म्हटलेलं नाही, मन मात्र मोकळं होतं. उघडणीला असंच गाणं हवं: घरात कोणीही असो, ऐकणारी अवघडता कामा नये. दुसऱ्या जागी 'मन उधाण वाऱ्याचे'. शंकर महादेवन यांचा आवाज आणि अजय-अतुल यांचा ठेका पथकातल्या कोणालाही परका नाही, आणि प्रेमाने मनाचं काय होतं हे ते कोणाकडे बोट न दाखवता सांगतं. थेट बोलणाऱ्या तीन गाण्यांपैकी एक ए बाजूला पाचवं, दोन बी बाजूला दुसरं आणि चौथं. पहिलं किंवा शेवटचं एकही नाही. कारण पहिल्या आणि शेवटच्या गाण्याचं वजन आपोआप दुप्पट होतं.

बी बाजूच्या मध्यावर शब्दांपासून विसावा म्हणून १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मधलं वाद्यसंगीत घेतलं. कल्पना उत्तम होती, करताना चूक झाली. ती पुढे येईल. शेवट 'सांज ये गोकुळी' ने. संध्याकाळ उतरते आणि कॅसेट थांबते. प्रश्न विचारून थांबत नाही.

लय जुळवण्याचं काम त्याने ढोलवादक म्हणून नीट केलं. प्रत्येक गाण्याचे मिनिटाचे ठोके मोजले आणि संथ गाण्याला लागून एकदम जलद गाणं येणार नाही अशी मांडणी केली. ऐकणारी ताशा वाजवते, म्हणजे तिचा कान आधी लयीवर जाणार हे त्याला ठाऊक होतं.

कॅसेट भरताना

कॅसेट भरायचा डेक डोंबिवलीच्या काकांचा. पहिला प्रयत्न फसला. घरातल्या जुन्या सिनेमागाण्यांच्या कॅसेटच्या वरच्या कडेला, पुसलं जाऊ नये म्हणून मोडलेल्या छोट्या दातांच्या जागी चिकटपट्टी लावली की तीवर पुन्हा भरता येतं, ही युक्ती बरोबर आहे. पण कंपनीने भरलेल्या कॅसेटमध्ये फीत त्या अल्बमपुरतीच कापलेली असते. ही एका बाजूला जेमतेम चोवीस मिनिटांची निघाली आणि सहावं गाणं अंतऱ्यातच तुटलं.

मग एका जुन्या साउंडवाल्याकडून सीलबंद कोऱ्या सी-६० मिळवल्या. उघडल्यावर दोन गोष्टी पाहायच्या असतात. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट लावू नये, बुरशी हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, लागते. आणि मधल्या तांबूस पट्टीवरचा फेल्टचा इवलासा तुकडा जागेवर आहे का ते पाहायचं. गोंद वाळून तो गळून पडलेला असेल तर आवाज दबका आणि कमी-जास्त येतो. दोनपैकी एका कॅसेटचा फेल्ट पडलेला होता. दुसरी घेतली.

हेड आणि फीत ओढणारा पिंच रोलर आधी पुसून घेतले. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, रबराच्या रोलरला किंचित ओलं कापड. कोरी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवून परत गुंडाळली, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून राहिलेले वेढे मोकळे होतात. सुरुवातीची पारदर्शक पट्टी पाचएक सेकंदांची असते आणि तिच्यावर काही भरलं जात नाही. म्हणून पेन्सिलने चक्री फिरवून तपकिरी फीत दिसेपर्यंत पुढे घेतली.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डेकच्या लाइन-इनला वायर. नोटिफिकेशन बंद करायचं राहिलं आणि तिसऱ्या गाण्यात मेसेजची टिंग भरली गेली. ती बाजू पहिल्यापासून पुन्हा करावी लागली. लॅपटॉप विमान मोडवर टाकूनच बसावं.

आवाजाची पातळी गाण्यागणिक लावावी लागते. साठच्या दशकातलं ध्वनिमुद्रण हळू असतं आणि आत्ताचं कान फाडतं. एकाच पातळीवर भरलं तर ऐकणारी दर गाण्याला उठून बटण फिरवत बसते. साध्या फेरिक फितीवर मीटरची सुई सर्वांत मोठ्या जागी शून्याच्या जरा वर जाईल एवढी पातळी पुरते. दोन गाण्यांत चार सेकंदांची शांतता ठेवली.

ए बाजू सात गाणी, मोकळ्या जागा धरून सत्तावीस मिनिटं बावीस सेकंद. बी बाजू सहा गाणी, सव्वीस मिनिटं तेवीस सेकंद. तीस मिनिटं ठासून भरली नाहीत हे योग्यच केलं. दोन यंत्रांच्या गतीत फरक असतो आणि शेवटचं गाणं कापलं जाण्यासारखं वाईट काही नाही.

इनले आणि द्यायची वेळ

इनलेवर, म्हणजे डबीतल्या कार्डावर, गाण्याचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार, एवढंच. बॉलपेनने; जेल पेन गुळगुळीत कार्डावर पसरतं. बाहेरच्या बाजूला 'पावसाळा' हा एकच शब्द. एक चारोळी लिहायचा मोह त्याने आवरला. पथकातल्या एका मोठ्या ताईला त्याने विश्वासात घेतलं होतं. तिचं म्हणणं स्पष्ट होतं: "नुसती कॅसेट हातात ठेवलीस तर अर्थ लावायचं काम तिच्यावर पडतं. एक वाक्य तरी बोल." त्याने ते ऐकलं, पण पाळलं नाही.

जागेचा विचार मात्र नीट झाला. तळ्याकाठच्या तलावपाळीवर बोलावणं म्हणजे भेटायलाच बोलावणं. लोकलमध्ये दिलं तर पुढचं स्टेशन येईपर्यंत तिला जाता येत नाही. सगळ्यांसमोर दिलं तर उरलेला मोसम चिडवाचिडवी. शेवटी सरावानंतर, ती स्कूटीला किल्ली लावत असताना दिली. "तुझ्याकडे टू-इन-वन आहे म्हणून भरली. घाई नाही, जमेल तेव्हा ऐक." तिने इनले वाचला, हसली, पिशवीत ठेवली आणि गेली.

नऊ दिवस

चार दिवस काहीच कळलं नाही. चौथ्या रात्री त्याने मेसेज केला: "ऐकलीस का?" 'घाई नाही' म्हटल्यावर हा मेसेज करायला नको होता. उत्तर आलं: "नाही अजून." त्याने मनाशी नकार धरला आणि पुढच्या दोन सरावांना तिच्याशी नीट बोललाही नाही. वास्तविक तिने दुसऱ्याच दिवशी कॅसेट लावली होती. आवाज डळमळत होता, फीत गुंतेल म्हणून बाबांनी यंत्र बंद केलं होतं. कॅसेट आपल्याकडून खराब झाली की काय या काळजीने ती काही बोलली नाही. आठव्या दिवशी बाबांनी हेड आणि रोलर पुसले, नवव्या दिवशी ती पूर्ण ऐकून झाली.

सरावाला आल्या आल्या ती म्हणाली, "गाणी भारी आहेत, पण सगळी ओढल्यासारखी का चालतायत? 'मन उधाण' चा ठेका बसतोय खाली." कान बरोबर होता. तिने घड्याळ लावून पाहिलं तर चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं दहा सेकंद घेत होतं, म्हणजे गती चार टक्के कमी. सूरही तेवढाच उतरतो. पेटीवरच्या काळी एकमधलं गाणं पांढरी एकच्या दिशेने घसरायला लागतं. कारण टू-इन-वनचा रबरी बेल्ट सैल पडला होता. आजोबांच्या कॅसेट वर्षानुवर्षं तशाच ऐकल्यामुळे घरात कोणाला ते जाणवलं नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून नवा बेल्ट आणून बाबांनी बसवला. बेल्ट घेताना दोन्ही चक्र्यांभोवती दोरा गुंडाळून माप घ्यायचं आणि त्याहून पाचेक टक्के लहान बेल्ट आणायचा, म्हणजे ताण बसतो.

आणखी एक गोष्ट तिने विचारली: "बी साइडला बासरी मध्येच का गेली?" 'कॉल ऑफ द व्हॅली' मधला पहाडीचा तुकडा त्याने तीन मिनिटांवर आवाज हळूहळू उतरवून तोडला होता. वाद्यसंगीत असं कापलं की सुजाण कानाला ठेच लागते. पूर्ण बसत नसेल तर घेऊ नये.

निकाल

बेल्ट बसल्यानंतर तिने पुन्हा ऐकली आणि मग सरळ विचारलं, "ही मला आवडतील म्हणून भरलीस, की मला काही सांगायचंय म्हणून?" तो म्हणाला, "दोन्ही." तिने विसर्जन होईपर्यंत वेळ मागितला. अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात तिने उत्तर दिलं: तो तिला आवडतो, पण तसा नाही.

हे बोलणं पाच मिनिटांत झालं आणि दोघांनाही त्यानंतर एकमेकांना टाळावं लागलं नाही. तिने स्वतःच ताईला सांगितलं की कॅसेटमध्ये 'आता तू काहीतरी बोल' असं दडपण आणणारं एकही गाणं नव्हतं, त्यामुळे नाही म्हणताना अपराधी वाटलं नाही. 'शुक्रतारा' आणि 'मालवून टाक दीप' आत असती तर हे वाक्य आलं असतं का, याची आम्हाला दाट शंका आहे. कॅसेट तिने परत केली नाही. रविवारी ती लागते, आणि आजीला 'सांज ये गोकुळी' आवडतं.

मुलाला वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं. ते इथे लपवण्याचं कारण नाही. पुढच्या मोसमात तो पथकात होता.

काय वेगळं करता आलं असतं

ताईचं ऐकायला हवं होतं. 'मला तू आवडतेस, उत्तर द्यायलाच हवं असं नाही' एवढं देतानाच बोलला असता तर नऊ दिवसांची घालमेल आणि तो मेसेज दोन्ही टळले असते. गाण्यांनी मोकळीक ठेवली हे चांगलंच, पण मुद्दा तिला विचारून काढावा लागला. इथे सगळ्यांचं मत एक नाही. काहींना वाटतं की आधी बोलला असता तर तिने कॅसेट निवांतपणे ऐकलीच नसती. आम्हाला ते पटत नाही. जिला लयीतला चार टक्क्यांचा फरक कळतो तिला मनातलंही कळतंच.

भरण्यापूर्वी तिच्या यंत्राची चाचणी करता आली असती. ज्याची लांबी ठाऊक आहे असं एक गाणं लावून किती वेळ घेतं ते बघ, इतकं तिला गमतीने सांगितलं असतं तरी बेल्टचं कळलं असतं. 'तू' म्हणणारी तीन गाणीही एखाद्याने कमी चालली असती. बी बाजूचं चौथं ती पुढे ढकलते, असं नंतर समजलं.

कॅसेटचे वरचे दात त्याने मोडले नव्हते. ते मोडले की भरलेलं चुकून पुसलं जात नाही, म्हणून बहुतेक जण लगेच मोडतात. इथे न मोडणं बरं ठरलं. बी बाजूच्या शेवटी साडेतीन मिनिटं कोरी होती. दिवाळीच्या सुट्टीत तिने टू-इन-वनच्या माइकसमोर बसून तिथे ताशाचा एक हात भरला, आणि त्यानंतर ते दोन्ही दात स्वतः मोडून टाकले.